युरोपियन युनियनमध्ये गेलं की युरो घ्यावाच लागतो का?

प्रश्न असा आहे: युरोपियन युनियनचं सदस्यत्व घेणाऱ्या देशाला युरो स्वीकारणं सक्तीचं असतं का? आणि सक्तीचं असेल, तर स्वीडन, पोलंड, चेकिया हे देश इतकी वर्षं आपापलं चलन घेऊन निवांत कसे बसलेत?

सक्ती आहे. आजच्या २७ सदस्यांपैकी एकट्या डेन्मार्कला तिच्यातून कायदेशीर सूट आहे. पण या सक्तीला तारीख नाही. युरोच्या आधीची एक पायरी ऐच्छिक ठेवलेली आहे आणि जो ती चढत नाही त्याला पुढे ढकलायची सोय कायद्यात केलेलीच नाही. माझ्या मते याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. युरो सुरू झाल्यापासून एकाही देशाला जबरदस्तीनं आत ओढलेलं नाही. आत यायला उत्सुक असलेल्यांना मात्र दारातून परत पाठवलेलं आहे, आणि तेही दशांश टक्क्याच्या फरकावरून.

मी पुणे-चाकण भागातल्या निर्यातदार कंपन्यांसाठी परकीय चलनाच्या जोखमीचं काम बघतो. युरोपातल्या गिऱ्हाइकाला बिल कुठल्या चलनात लावायचं, फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेचा विनिमयदर आजच बांधून घेणं) किती घ्यायचं, हा रोजचा विषय. 'युरोप म्हणजे युरो' असं धरून चालणारे लोक इथे नेहमी भेटतात, आणि 'स्वीडननं नाही म्हटलं, म्हणजे कोणीही नाही म्हणू शकतं' असं ठासून सांगणारेही. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायदा. फेब्रुवारी १९९२ मध्ये मास्ट्रिख्ट इथे ज्या करारावर सह्या झाल्या, त्यानं समान चलनाचा कार्यक्रम सगळ्याच सदस्यांसाठी आखला होता, इच्छुकांपुरता नव्हे. आज लागू असलेल्या युरोपियन युनियन कराराच्या कलम ३ मध्ये तर सरळ म्हटलंय की युनियन आर्थिक आणि चलनविषयक संघ उभारेल आणि त्याचं चलन युरो असेल. नंतर आलेल्या देशांच्या प्रवेशाच्या कागदपत्रांतही हेच आहे. मे २००४ मध्ये दहा देश एकदम आले. त्यांच्या प्रवेश-दस्तऐवजाचं कलम ४ सांगतं की हे देश पहिल्या दिवसापासून चलनसंघाचे भाग आहेत, फक्त 'डेरोगेशन असलेले सदस्य' म्हणून. तयारी पूर्ण होईपर्यंत दिलेली ही सवलत आहे, कायमची सुटका नाही. २००७ मध्ये आलेले बल्गेरिया आणि रोमानिया, २०१३ मध्ये आलेला क्रोएशिया, सगळ्यांना हाच नियम.

त्यामुळे 'पोलंडनं युरो घ्यावा का' हा प्रश्न कायद्याच्या हिशेबानं प्रवेश-करारातच मिटलेला आहे. उरलाय तो 'केव्हा'. साखरपुडा झाला, मुहूर्त मात्र ज्याच्या त्याच्या घरच्यांनी काढायचा, अशी ही व्यवस्था.

खरीखुरी सूट दोघांनीच मिळवली होती, ब्रिटननं आणि डेन्मार्कनं. ब्रिटननं ती मास्ट्रिख्टच्या वाटाघाटींतच पदरात पाडून घेतली आणि ३१ जानेवारी २०२० ला युनियनच सोडलं. उद्या ब्रिटन परत आलं, किंवा स्वतंत्र होऊन स्कॉटलंड आलं, तर त्यांना नव्यानं अर्ज करून नवा करार करावा लागेल. जुनी सूट त्यांच्यासाठी फडताळात जपून ठेवलेली नाही.

डेन्मार्कची कथा जास्त मजेशीर आहे. जून १९९२ च्या सार्वमतात डॅनिश मतदारांनी मास्ट्रिख्ट करारच फेटाळला, जेमतेम ५०.७ टक्के मतांनी. एका छोट्या देशाच्या नकारामुळे अख्खा करार अडला. मग डिसेंबरमध्ये एडिनबर्गच्या बैठकीत डेन्मार्कला चार बाबतींत वेगळेपण मान्य झालं, त्यातली एक बाब चलनाची. त्यानंतर मे १९९३ मध्ये लोकांनी करार मंजूर केला. २८ सप्टेंबर २००० ला खास युरोवर पुन्हा सार्वमत झालं, तेव्हाही ५३.२ टक्के लोकांनी 'नको' सांगितलं. चारपैकी संरक्षणाविषयीचं वेगळेपण त्यांनी २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, स्वतःहून सोडून दिलं. चलनाचं अजून आहे.

मात्र हाच डेन्मार्क व्यवहारात युरोला जवळजवळ वेल्डिंग करून चिकटलेला आहे. १ जानेवारी १९९९ पासून एका युरोला ७.४६०३८ क्रोन हा मध्यवर्ती दर ठरलेला आहे. त्याच्या वर-खाली सव्वादोन टक्क्यांची मुभा आहे, आणि प्रत्यक्षात क्रोन त्याच्या निम्मासुद्धा हलत नाही. जानेवारी २०१५ मध्ये युरोच्या तुलनेत फ्रँक किती महाग होऊ द्यायचा याची मर्यादा स्विस मध्यवर्ती बँकेनं अचानक काढून टाकली. बाजाराला वाटलं, आता डेन्मार्कची पाळी. क्रोन विकत घ्यायला पैशांचा लोंढा आला. डॅनिश मध्यवर्ती बँकेनं तीन आठवड्यांच्या आत चारदा दर कापून उणे ०.७५ टक्क्यांपर्यंत नेला, सरकारनं रोख्यांची विक्री थांबवली, आणि दर टिकला. ज्याला युरो न घेण्याचा कायदेशीर हक्क आहे तो देश व्याजदरांच्या बाबतीत फ्रँकफुर्टच्या, म्हणजे तिथल्या युरोपियन सेंट्रल बँकेच्या, मागोमाग चालतो, आणि फ्रँकफुर्टमध्ये निर्णय होतात तेव्हा त्याला मत नसतं. हक्क आहे, पण तो वापरून हाती काय लागतं, हे डॅनिश लोकच जाणोत. नोटेवर आपली चित्रं राहतात, हे तर खरंच.

आता ज्यांना सूट नाही त्यांच्याकडे येऊ. डेरोगेशन संपवून युरोत जायचं तर काही निकष पुरे करावे लागतात. महागाईचा दर, सर्वांत चांगली कामगिरी असलेल्या तीन सदस्य देशांच्या सरासरीपेक्षा दीड टक्काबिंदूहून जास्त नको. दीर्घ मुदतीचे व्याजदर त्याच तीन देशांपेक्षा फार तर दोन टक्काबिंदू वर. सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत, किंवा निदान त्या दिशेनं समाधानकारक वेगानं उतरणारं. देशाच्या मध्यवर्ती बँकेचा कायदा युरोपीय कायद्याशी जुळणारा. आणि शेवटचा निकष, ज्यात सगळी गंमत आहे: 'एक्सचेंज रेट मेकॅनिझम', म्हणजे ईआरएम-२ या विनिमयदर व्यवस्थेत निदान दोन वर्षं मोठ्या हेलकाव्यांशिवाय आणि स्वतःहून अवमूल्यन न करता काढायची.

ईआरएम-२ मध्ये देशाच्या चलनाला युरोशी एक मध्यवर्ती दर मिळतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १५ टक्क्यांचा पट्टा. डेन्मार्कचा पट्टा अरुंद आहे तो त्यानं स्वतः मागून घेतला म्हणून. जून १९९७ मध्ये ॲमस्टरडॅमला या व्यवस्थेचा ठराव झाला तेव्हा त्यात लिहिलं गेलं की युरोबाहेरच्या देशांसाठी यात सहभाग ऐच्छिक राहील, पण डेरोगेशनवाल्यांनी यात यावं अशी अपेक्षा आहे. अपेक्षा! सगळी मेख या एका वाक्यात आहे. युरो सक्तीचा, युरोसाठी ईआरएम-२ सक्तीचं, आणि ईआरएम-२ ऐच्छिक.

स्वीडननं हे पहिल्यांदा ओळखलं. १९९५ मध्ये ऑस्ट्रिया आणि फिनलंडबरोबर स्वीडन आत आला, तो कसलीही सूट न मागता. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी त्या देशानं स्थिर विनिमयदराचा चटका खाल्ला होता. सप्टेंबर १९९२ च्या चलनसंकटात क्रोना वाचवण्यासाठी रिक्सबँकेनं, म्हणजे स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेनं, अल्पमुदतीचा दर ५०० टक्क्यांवर नेला होता. छापण्यातली चूक नाही, पाचशेच. नोव्हेंबरमध्ये तरीही हात टेकले आणि क्रोना तरंगता सोडला. हा अनुभव ताजा असताना पुन्हा एखाद्या दराला बांधून घ्यायची घाई कोणाला असणार? १९९७ मध्ये तिथल्या संसदेनं पहिल्या तुकडीत न जायचं ठरवलं.

मग १४ सप्टेंबर २००३ चं सार्वमत. मतदानाच्या चार दिवस आधी परराष्ट्रमंत्री आना लिंड यांच्यावर स्टॉकहोममधल्या एका मोठ्या दुकानात चाकूहल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. युरोच्या बाजूच्या प्रचाराचा त्या चेहरा होत्या. सहानुभूतीनं कौल फिरेल असं अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. ५५.९ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं, ४२ टक्क्यांनी 'हवा'. या सार्वमतानं कराराचं बंधन कायद्यानं पुसलं गेलं नाही, कारण एका देशाच्या मतदारांच्या कौलानं सर्वांच्या सहीचा करार बदलत नाही. पण त्यानंतर कुठल्याही स्वीडिश सरकारनं ईआरएम-२ च्या दिशेनं पाऊल टाकलेलं नाही. युरोपीय आयोग आणि युरोपियन सेंट्रल बँक दर दोन वर्षांनी डेरोगेशनवाल्या देशांचा अहवाल काढतात. त्यात स्वीडनसमोर दर खेपेला जवळपास तीच वाक्यं असतात: विनिमयदराचा निकष पूर्ण नाही, मध्यवर्ती बँकेचा कायदा पूर्ण सुसंगत नाही. अहवाल येतो, फायलीत जातो, पुढचा येतो.

आयोग स्वीडनला न्यायालयात का खेचत नाही? करारभंगासाठी सदस्य देशावर खटला भरायचा अधिकार आयोगाला आहे. या कारणासाठी तो कधी वापरलेला नाही आणि वापरला जाईल असं मला वाटतही नाही. ज्या लोकांनी मतपेटीतून नकार दिलाय त्यांच्या खिशात न्यायालयाच्या हुकमानं नोटा कोंबल्या, तर पहिल्याच मंदीत सगळा राग त्या चलनावर निघेल. ही ब्याद मध्यवर्ती बँकेलाही नको असणार. शिवाय ॲमस्टरडॅमच्या ठरावात 'ऐच्छिक' असं लिहून बसलेल्यांना न्यायालयात काय तोंडानं युक्तिवाद करता येईल, हाही प्रश्नच.

आता उलट बाजू, जी चर्चेत फारशी येत नाही. लिथुआनियाला युरो हवा होता. त्यांचं चलन, लिटास, फेब्रुवारी २००२ पासून युरोला ३.४५२८ या दराला घट्ट बांधलेलं होतं. सरकारी कर्ज जीडीपीच्या २० टक्क्यांच्याही आत, तूट नाममात्र. २००६ मध्ये तपासणी झाली तेव्हा महागाईची मर्यादा निघाली २.६ टक्के आणि लिथुआनियाची महागाई २.७. अर्ज नामंजूर. गंमत अशी की मर्यादा काढताना ज्या तीन देशांची सरासरी धरली ते होते स्वीडन, फिनलंड आणि पोलंड. त्यांतले दोन युरोत नव्हतेच! आणि हाच नियमांचा संच १९९८ मध्ये इटली आणि बेल्जियमला लावताना बराच सैल होता. त्या दोघांची कर्जं जीडीपीच्या १२० टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तरी 'दिशा बरोबर आहे' म्हणून ते आत गेले. इटली आणि फिनलंडची विनिमयदर व्यवस्थेतली दोन वर्षंसुद्धा तेव्हा पुरी भरलेली नव्हती. ग्रीस २००१ मध्ये आत गेला, आणि त्याचे तुटीचे आकडे खरे ३ टक्क्यांच्या वर होते हे २००४ मध्ये उघड झालं. ग्रीसला सवलत आणि लिथुआनियाला दशांश टक्क्याचा काटा, हा राग बाल्टिक देशांमध्ये बरीच वर्षं टिकला.

पण न्यायाच्या बाजूनं हेही सांगायला हवं: लिथुआनियाची महागाई पुढे चढतच गेली आणि २००८ मध्ये ११ टक्क्यांवर पोचली. आयोगाचा मुद्दा नुसत्या २.७ चा नव्हता, हा दर टिकणार नाही असा होता, आणि तो खरा ठरला. लिथुआनिया शेवटी २०१५ मध्ये आत गेला.

याचं जुळं उदाहरण बल्गेरियाचं. जून २०२५ च्या अहवालात बल्गेरियाची महागाई २.७ टक्के होती आणि मर्यादा होती २.८. या वेळी दशांश टक्का त्यांच्या बाजूनं पडला. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या अहवालात, ते फक्त महागाईवर अडकले होते. बाकी सगळं जागेवर होतं. म्हणून त्यांनी नेहमीच्या फेरीची वाट न बघता खास अहवाल मागवला, आणि १ जानेवारी २०२६ पासून बल्गेरिया युरोतला एकविसावा देश झाला. राष्ट्राध्यक्ष रुमेन रादेव यांनी मे २०२५ मध्ये सार्वमताची मागणी पुढे केली होती. संसदेच्या अध्यक्षांनी ती पटलावर घ्यायलाच नकार दिला: प्रवेश-करारातच हे बंधन आलेलं आहे, त्यावर आता सार्वमत कसलं? बंधनाचं कलम व्यवहारात कसं वापरलं जातं याचा हा उत्तम नमुना आहे. ब्रसेल्स ते वापरत नाही. युरो हवा असलेलं सरकार देशातल्या विरोधकांसमोर ते ढालीसारखं धरतं.

बल्गेरियानं गमावलं काय, असं विचाराल तर फारसं काही नाही. १९९६-९७ च्या बँकसंकटानंतर आणि अफाट महागाईनंतर तिथे करन्सी बोर्ड, म्हणजे चलन ठरावीक दराला कायद्यानं बांधून ठेवणारी व्यवस्था, आलं आणि त्यांचं चलन लेव्ह आधी जर्मन मार्कला आणि नंतर युरोला बांधला गेला. स्वतःचं व्याजदर धोरण त्यांच्याकडे तेव्हापासून नव्हतंच. उलट आता युरोपियन सेंट्रल बँकेच्या नियामक मंडळावर त्यांचा गव्हर्नर बसतो. डेन्मार्कशी ही तुलना करून बघा.

अटी कागदावर आहेत तेवढ्याच राहत नाहीत, हेही बल्गेरिया आणि क्रोएशियाच्या बाबतीत दिसलं. हे दोघं जुलै २०२० मध्ये एकाच दिवशी ईआरएम-२ मध्ये आले, पण त्याआधी त्यांना आपल्या मोठ्या बँकांची देखरेख युरोपियन सेंट्रल बँकेच्या हाती द्यायची तयारी दाखवावी लागली. मूळ करारात हा निकष नाही. २०१० नंतरच्या कर्जसंकटानं पोळलेल्या देशांनी तो वाढवला. म्हणजे सक्तीच्या गोष्टीत शिरण्यासाठीच्या अटी काळाबरोबर कडक होत गेल्यात.

पोलंड, चेकिया, हंगेरी आणि रोमानिया यांच्याबद्दल थोडक्यात. रोमानियानं लक्ष्यवर्षं अनेकदा जाहीर केली, आधी २०१४-१५, मग २०१९, आणि प्रत्येक वेळी ती पुढे सरकली. २०२४ मध्ये त्यांची तूट जीडीपीच्या ९ टक्क्यांहून जास्त होती, त्यामुळे सध्या हा विषय बोलण्यापुरताच. हंगेरीच्या संविधानात अधिकृत चलन म्हणून फोरिंटचं नाव लिहिलेलं आहे. पोलंडच्या संविधानाच्या कलम २२७ नुसार चलन काढायचा एकमेव अधिकार पोलिश राष्ट्रीय बँकेचा, तेव्हा तिथे संविधानदुरुस्ती लागेल आणि त्यासाठीचं बहुमत जमवणं सोपं नाही. चेकियाची अडचण आकड्यांपेक्षा मनाची आहे. कर्ज ६० टक्क्यांच्या चांगलंच आत, पण युरो तिथे मतं मिळवून देणारा विषय नाही.

या देशांचा उत्साह का मावळला, यामागे दोन ठोस घटना आहेत. पहिली २००८-०९ ची. जुलै २००८ मध्ये एका युरोला सुमारे ३.२ झ्लॉटी (पोलंडचं चलन) मिळत होते. फेब्रुवारी २००९ मध्ये ४.९ च्या जवळ. पोलिश माल युरोत एकदम स्वस्त झाला, आणि २००९ मध्ये युनियनमधली अर्थव्यवस्था वाढलेला पोलंड हा एकमेव देश ठरला. सगळं श्रेय झ्लॉटीचं नाही, पण धक्का झेलायला ती गादी होती. लॅटव्हियानं याच काळात आपला दर सोडला नाही. पगारकपात केली, खर्च कापला, नाणेनिधीचं कर्ज घेतलं, आणि २००९ च्या एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांहून जास्त आक्रसली. दर टिकला, २०१४ मध्ये युरोही मिळाला, पण दरम्यान पुष्कळ तरुण देश सोडून गेले. वॉर्सातल्या अर्थमंत्र्यानं या दोन चित्रांकडे बघून काय ठरवलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

झ्लॉटी घसरली तेव्हा सगळे पोलिश निर्यातदार खूश झाले असं मात्र नाही. ती चढतच राहणार असं धरून अनेकांनी बँकांकडून ऑप्शनचे, म्हणजे पुढच्या दरावर बेतलेले, गुंतागुंतीचे करार घेतले होते आणि ते त्यांच्याच अंगावर उलटले. साधारण त्याच सुमाराला आपल्याकडच्या कंपन्याही अशाच डेरिव्हेटिव्ह करारांत होरपळल्या होत्या. स्वतःचं चलन असण्याची किंमतही असते, ती अशी.

दुसरी घटना स्लोव्हाकियाची. तो देश २००९ मध्ये युरोत गेला आणि पुढच्याच वर्षी ग्रीसला मदत करायची वेळ आली. स्लोव्हाक पगार आणि पेन्शन ग्रीसपेक्षा कमी, आणि वाचवायचं ग्रीसला! ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी ग्रीसच्या पहिल्या कर्जात वाटा द्यायला साफ नकार दिला. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, बचाव निधीच्या मतदानावरून इव्हेता रादिचोव्हा यांचं सरकारच पडलं. शेजारच्या प्राग आणि वॉर्सामध्ये हे सगळं बारकाईनं बघितलं गेलं. २००४ च्या प्रवेशासाठी त्यांनी जो करार केला त्यात एक चलन होतं. एकमेकांची कर्जं निस्तरायचा निधी नव्हता. 'आम्ही सही केली ती या गोष्टीवर नाही' हा त्यांचा युक्तिवाद मला कायद्यात लंगडा वाटतो, राजकारणात मात्र नाही.

बाहेर राहण्याचा तोटाही आहेच. युरोगटाच्या, म्हणजे युरोवाल्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या, बैठकीत खुर्ची नाही, व्याजदर ठरवणाऱ्या मंडळात मत नाही. तुटीची नियमावली त्यांना लागू आहे, तिच्याखाली दंड मात्र युरोवाल्यांनाच. हा शेवटचा भाग कोणी तोट्यात धरणार नाही म्हणा.

एक विचित्र प्रकार आहे माँटेनेग्रो आणि कोसोव्होचा. हे दोघं युनियनचे सदस्य नाहीत, तरी तिथे युरोच चालतो. यूगोस्लाव्ह दिनारवरचा विश्वास उडाल्यावर १९९९ मध्ये त्यांनी जर्मन मार्क उचलला आणि २००२ मध्ये मार्क गेल्यावर ओघानंच युरो आला. कोणाची परवानगी नाही, नोटा छापायचा अधिकार नाही, बँक अडचणीत आली तर मागे उभं राहणारं कोणी नाही. युनियनची भूमिका अशी की असा एकतर्फी वापर म्हणजे करारातला युरो नव्हे. माँटेनेग्रो सदस्यत्वाच्या रांगेत बराच पुढे आहे. तिथे खरा पेच येणार: युरोच वापरणारा देश युरोविरुद्ध आपला दर दोन वर्षं स्थिर ठेवून दाखवणार कसा? याचा तोडगा प्रवेश-वाटाघाटीतच काढावा लागेल.

आणि आत गेल्यावर बाहेर यायची वाट? युनियन सोडायचं कलम आहे, कलम ५०. फक्त युरो सोडून युनियनमध्ये राहायची तरतूद करारात कुठेही नाही. २०१५ मध्ये ग्रीसबद्दल जी बोलणी चालली ती या कोऱ्या जागेत चालली होती. म्हणून मला सावकाश जाणाऱ्या देशांना आळशी म्हणवत नाही. ज्या खोलीला बाहेर पडायचं दार नाही तिच्यात शिरण्याआधी माणूस दोनदा विचार करणारच.

आता आपल्या कामाचं. युरोपातल्या गिऱ्हाइकाला माल पाठवणाऱ्यांनी, किंवा तिकडे शिकायला-नोकरीला जाणाऱ्यांनी, देश युनियनमध्ये आहे का एवढं बघून थांबू नये. पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून युरोपात गेलेल्यांना कोपनहेगनमध्ये काम करायचा हक्क लिस्बनइतकाच आहे, पण पगार क्रोनमध्ये मिळतो. पोलंडला शिकायला जाणाऱ्यांचा खर्च बहुधा झ्लॉटीत होतो. कर्ज आणि बजेट युरोत मांडलं तर मधला फरक आपल्याच खिशातून जातो.

बिल लावताना डेन्मार्क आणि स्वीडन यांना एका मापानं मोजू नका. डॅनिश क्रोनमधलं येणं हे जोखमीच्या दृष्टीनं जवळपास युरोतलंच येणं आहे, त्यामुळे युरोचं कव्हर त्याला बऱ्यापैकी लागू पडतं. स्वीडिश क्रोना पूर्ण तरंगता आहे. २००८ च्या मध्याला युरोला ९.४ च्या आसपास असलेला क्रोना पुढच्या वसंतात ११ च्या पलीकडे गेला होता. त्याला स्वतंत्र कव्हर हवं, नाही तर बिल सरळ युरोत लावा. पोलिश आणि चेक कंपन्या युरोत बिल घ्यायला सहसा खळखळ करत नाहीत, कारण त्यांचा स्वतःचा पुष्कळ माल जर्मनीला जातो आणि युरो त्यांच्याकडे येतच असतात. झ्लॉटीत बिल घेतलंत, तर इथे रुपयाचा दर काढताना बँक मध्ये डॉलर किंवा युरो घालते आणि दोन्ही ठिकाणी आपलं मार्जिन कापून घेते.

बल्गेरियाशी जुने करार लेव्हमध्ये असतील तर त्यांचं आपोआप युरोत रूपांतर झालेलं आहे. नव्यानं सही करायची गरज नाही. दर एका युरोला १.९५५८३ लेव्ह, एवढाच आणि नेमका. तो १.९६ असा गोळा करायचा नाही. एका लेव्हला ०.५११ युरो असा उलटा दर काढून त्यानं गुणायचंही नाही, कारण युरोपीय नियमांनी दोन्ही गोष्टींना मनाई केलेली आहे. लेव्हच्या रकमेला थेट १.९५५८३ नं भागायचं आणि उत्तर सेंटपर्यंत पूर्णांकित करायचं. मोठ्या बिलात उलट्या दरानं येणारा फरक समोरचा हिशेबनीस लगेच पकडतो आणि बिल दुरुस्तीसाठी परत येतं.